कर्ता नसलेली सूचना

नववीला भाषा शिकवणाऱ्या बाईंना मुलं मागून ‘कर्ताबाई’ म्हणत. औषधाचं माहितीपत्रक असो की बसथांब्यावरची पाटी, बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला: "यात कर्ता कुठे आहे?"

सव्वीस वर्षं त्याच शाळेत गेलेली. अलीकडे मुख्याध्यापक शाळेच्या सूचना त्यांच्याकडूनच लिहून घेत. "बाई, तुम्ही लिहिलं की कोणाला टोचत नाही," असं म्हणून कागद पुढे सरकवत. नाही म्हणणं बाईंना कधी जमलंच नाही.

त्या आठवड्यात वाचनालयाची खोली मुख्याध्यापकांच्या नव्या दालनासाठी घ्यायचं ठरलं. बाईंनी मुकाट्यानं सूचना लिहून दिली.

दोन दिवसांनी माहितीपर मजकुराचा तास होता. प्रत्येकानं एकेक नमुना उतरवून आणायचा होता. पहिल्या बाकावरची चष्मेवाली मुलगी उठून वाचू लागली, "वाचनालय काही काळासाठी स्थलांतरित करण्यात येत आहे. गैरसोयीबद्दल दिलगिरी."

बाईंनी हातातला खडू खाली ठेवला.

"कर्ता नाही," मुलगी म्हणाली. "करण्यात येतंय, पण करतंय कोण? ‘काही काळ’ म्हणजे किती? ‘स्थलांतरित’ म्हणे! पुस्तकं तर जिन्याखाली पोत्यांत कोंबलीत."

"आणि दिलगीर कोण आहे?" मागून कोणीतरी विचारलं. वर्ग खो खो हसला.

"शाब्बास," बाई कशाबशा म्हणाल्या.

"बाई, लिहिणाऱ्याला माहीत असणार ना, काय लपवायचं ते?" मुलीनं विचारलं.

वेळ मारून नेता आली असती. बाई म्हणाल्या, "मी लिहिलंय."

मुलगी खाली बसली आणि तास संपेपर्यंत तिनं वहीतून डोकं वर काढलं नाही. बाईंना वाटलं, त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं.

गोष्ट मुख्याध्यापकांच्या कानावर गेलीच. सोमवारी नवं वेळापत्रक लागलं. त्यात बाईंना एकही वर्ग नव्हता. कार्यालयात कोपऱ्यातलं टेबल आणि शाळेचा सगळा पत्रव्यवहार.

"राजीनामा देते," त्या घरी म्हणाल्या.

"निवृत्तीला पाच वर्षं राहिलीत. कळ काढ," नवरा म्हणाला. "या वयात तुला कोण दारात उभं करणार आहे?"

त्यांनाही ते ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाची घंटा झाली. सवयीनं बाई खडू चाचपत उठल्या. टेबल भिंतीला खेटलेलं. बाहेर पडायचं तर कारकुनाला खुर्ची सरकवायला सांगावं लागे.

"कुठे निघालात, बाई?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"कुठे नाही," म्हणून त्या पुन्हा खाली बसल्या.