खुणेएवढा लायलॅक

तिखोन सावेलिचला आमच्या गल्लीत कोणी घड्याळजी म्हणायचं, कोणी लायलॅकवाला. मी त्याला तोंडावर हट्टी गाढव म्हणायची, आणि त्यालाही त्याची काही हरकत नसायची. आमच्या दोघांच्या अंगणांमध्ये एक लाकडी कुंपण होतं, त्याच्या दोन फळ्या कायमच्या निखळलेल्या. त्यामुळे त्याच्या घरी काय चाललंय ते मला दिसायचंच, बघायचं नसलं तरी.

बाजाराच्या तोंडाशी त्याची काचेची टपरी होती. डोळ्याला भिंग लावून दिवसभर लोकांची घड्याळं उघडायची, संध्याकाळी नदीकाठच्या रस्त्याने घरी यायचं, अध्येमध्ये कोणाशी बोलायचं नाही. दारू नाही, पत्ते नाहीत, निंदानालस्तीसुद्धा नाही. असल्या माणसाचा शेजार म्हणजे शिक्षाच.

आमच्या ओका नदीकाठी लायलॅकचं फुलझाड काही कोणी मुद्दाम लावत नाही, ते असतंच. मे संपत आला की अख्खं गाव वर माना करून हिंडतं. घोसातलं एकेक बारीक फूल चार पाकळ्यांचं. त्यात एखादं पाच पाकळ्यांचं सापडलं की मनातलं काय ते मागायचं आणि फूल गिळून टाकायचं. कडू लागतं. पण पार्टीचे सेक्रेटरीसुद्धा खातात, आधी इकडेतिकडे बघून घेतात एवढंच.

सावेलिचच्या कुंपणाशी त्याच्या बायकोने, फाईनाने लावलेला लायलॅक होता. तो छपराएवढा उंच गेला होता आणि फुलं सगळी शेंड्याला. दर वर्षी ताया, म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, बापापुढे हात वर करून उभी राहायची आणि म्हणायची, “बाबा, कडेवर!” तो तिला उचलायचा, कडेवरून खांद्यावर बसवायचा, आणि ती वरून एकेक घोस तपासत ओरडायची, “चार... चार... चारच!” फाईना खाली पायवाटेवर उभी राहून हसायची.

ताया सात वर्षांची असताना ऐन हिवाळ्यात फाईना दवाखान्यात वारली. क्रियाकर्म झालं आणि त्याच आठवड्यात सावेलिच विहिरीपाशी बर्फावर पाय घसरून बादल्यांसकट पडला. मणक्याला मार बसला. डॉक्टरने सांगितलं, यापुढे चहाच्या किटलीपेक्षा जड काही उचलायचं नाही. वसंत संपेपर्यंत त्याचं पाणी मी भरलं. “शेजारीणबाई, कोणाला बोलू नका,” एवढंच तो म्हणाला. बायको गेली आणि आता बादलीही उचलवत नाही, याची त्याला लाज वाटत होती. मी बोलले नाही. घरच्यांना तर माहीत असणारच, असं मी धरून चालले. घरचे म्हणजे कोण, ती सात वर्षांची पोर.

त्या मे महिन्यात मी कपडे वाळत घालत होते. ताया झाडाखाली येऊन उभी राहिली आणि हात वर केले. “बाबा, कडेवर.”

 तो म्हणाला, “आता तू मोठी झालीस.”

पोरगी बराच वेळ तशीच उभी होती, हात वर धरून. मग हात खाली घेतले, उड्या मारल्या, घरातून स्टूल आणलं, त्यावरून पडली. तिला त्या फुलापाशी काय मागायचं होतं ते गल्लीत कोणालाही विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. मला भरून आलं आणि त्याचा रागही आला. पाठीचं मला ठाऊक होतं, तरी राग आला.

त्याच संध्याकाळी त्याने तिला दाराच्या चौकटीला टेकवून उभं केलं आणि घड्याळाच्या बारक्या पेचकसाने तिच्या डोक्याच्या उंचीला खूण केली. सगळेच आईबाप करतात, मला त्यात काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी तो फळ्यांच्या फटीशी आला.

“शेजारीणबाई, जुनी मलमल आहे का?”

“कशाला? दही गाळायचंय?”

“फुलांना पिशव्या शिवायच्यात.”

मला वाटलं, दुःखाने डोकं फिरलं. पण तसं नव्हतं. स्टेशनमास्तरांच्या बागेत लायलॅकचं एक खुजं झुडूप होतं, कोणी ढुंकून न बघणारं. त्याचे पराग तो काडेपेटीत घेऊन आला. फाईनाच्या झाडाच्या खालच्या फांद्या वाकवून बांधल्या, न उमललेल्या कळ्या चिमट्याने उघडल्या, आतले परागकोश काढून टाकले, बारीक कुंचल्याने ते दुसरे पराग लावले आणि मलमलीची पिशवी बांधली. घड्याळजीचे हात, एक पाकळी दुखावली नाही. शरदात बी धरलं. पुढे खिडकीत खोकी, अंगणात वाफे, आणि वाट बघणं. लायलॅकचं रोप पहिलं फूल दाखवायला सहा-सात वर्षं घेतं, तेही त्याच्या मनात आलं तर.

चौकटीवरच्या खुणेएवढी त्याने एक काठी कापली होती. दर वसंतात ती काठी घेऊन वाफ्यांतून फिरायचा. जे रोप काठीच्या वर गेलं, ते उपटायचं. “सावेलिच, किती देखणं होतं हो ते!” मी म्हणायची. “उंच आहे,” तो म्हणायचा. ठेंगणी राहिली त्यांतली काही फुलायची नाहीत, काहींना वासच नसायचा. तीही उपटायची. पुन्हा पराग, पुन्हा पिशव्या.

खूण होती तिथेच राहिली. ताया मात्र वाढत होती. ती दारातून आत यायची आणि म्हणायची, “बाबा, शाळेत आमचं नाटक आहे,” आणि हा कळीवर वाकलेला, श्वास रोखून, “थांब गं जरा, पराग उडतील.” ती थांबायची, आणि मग माझ्या स्वयंपाकघरात यायची. कोबी भरून भाजलेला पिरोग तिने जास्त माझ्याच घरी खाल्ला. एकदा मला म्हणाली, “झोयामावशी, मी झुडूप असते तर बाबांनी मला केव्हाच उपटून टाकलं असतं.” मी तिला चापट मारली आणि पिरोगचा आणखी तुकडा वाढला. दुसरं काय करणार?

शिक्षिकेचा कोर्स संपल्यावर तिने नोकरी घेतली ती पार उत्तरेला, व्होर्कुताला. स्टेशनवर सावेलिच तिच्या खिडकीखाली टोपी हातात घेऊन उभा होता. म्हणाला, “तिथे म्हणे झाडं वाढत नाहीत.”

“म्हणूनच चाललेय,” ताया म्हणाली. गाडी सुटली. परतताना त्याने मला विचारलं, “असं का म्हणाली ती?” मी पावलं भराभर उचलली. खरं सांगितलं असतं तर भांडण झालं असतं.

आणि नंतर एका मे महिन्यात सकाळी तो कुंपणापाशी येऊन ओरडला, “झोया!” इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून माझं नाव पहिल्यांदा ऐकलं. मी ओल्या हातांनी धावले.

वाफ्याच्या कोपऱ्यात एक झुडूप, छातीएवढं, गोल, गच्च. जमिनीपासून वरपर्यंत फिकट जांभळे घोस, आणि वास असा की मला क्षणभर फाईना आठवली. त्याने काठी लावून दाखवली. बरोब्बर. शिवाय त्यात पाच पाकळ्यांची फुलं, हवी तेवढी. मी हात पुढे केला तर त्याने तो धरला. “नाही. आधी ताया.”

प्रांताच्या वनस्पतीबागेतली एक बाई कुठूनसं ऐकून बघायला आली. तिने झुडपाभोवती दोनदा चक्कर मारली आणि म्हणाली, असला ठेंगणा आणि इतका वासाचा आपल्याकडे नाही. कलम बांधायला फांदीवरचे डोळे द्या, नाव द्या, आम्ही नोंदवतो. सावेलिच म्हणाला, “आधी तायाला बघू दे.” बाईने समजावलं. एकच झुडूप आहे, एका कडक हिवाळ्यात गेलं तर संपलं सगळं. तो मान डोलावत राहिला आणि डोळे काही दिले नाहीत.

आता ताया यायची कशी? उत्तरेकडच्या शाळा, तिथली सुट्टी, मग समुद्राकडे जाणारी गाडी. ती यायची जुलैत, उभ्याउभ्या, एखादं वर्ष नाहीच. जुलैत लायलॅक म्हणजे नुसती हिरवी पानं. सावेलिच तिला झुडपापाशी न्यायचा, “हे बघ,” म्हणायचा. ती बघायची. “छान आहे,” म्हणायची आणि घड्याळ बघायची. कशासाठी आहे ते त्याने एकदाही सांगितलं नाही. फुललेलं असताना सांगायचं होतं त्याला. दर मे महिन्यात तो झुडपावर जाळी टाकून शेजारी बाकावर एकटा बसायचा, आणि फुलं तपकिरी पडून गळली की जाळी घडी करून ठेवायचा. ती घडी बघवायची नाही मला.

मग एका फेब्रुवारीत तायाचं कार्ड आलं: जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येते, आस्यालाही आणते, ती आता सात वर्षांची आहे. या नातीला त्याने फोटोतच पाहिलं होतं.

“जूनच्या दुसऱ्या आठवड्यात काय राहतंय,” मी म्हणाले.

“राहील,” तो म्हणाला. “मुळं गार ठेवली तर उशिरा जागं होतं. मार्च संपायच्या आत झुडपाभोवती बर्फ रचायचा, त्यावर लाकडाचा भुसा. पण माझी पाठ...”

थोडक्यात काय, बर्फ मी ओढला. घसरगाडीवरून, माझ्या अंगणातून त्याच्या अंगणात, या वयात! गल्ली फाटकात उभी राहून हसत होती. “झोया इग्नात्येव्ना, बर्फ कमी पडतोय का त्यांच्याकडे?” मी म्हणाले, “तुमच्या जिभेवर ठेवायला थोडा शिल्लक आहे, येता का?” सावेलिच मागून फावड्याने भुसा थोपटत होता आणि चक्क हसत होता. तो सगळ्यांत चांगला मार्च होता माझा.

गावातले लायलॅक फुलून ओसरले. फाईनाच्या झाडाचीही फुलं सुकली, फक्त माझ्या खोपटाच्या सावलीत, शेंड्याला, एक अर्धा सुकलेला घोस उरला. आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ते ठेंगणं झुडूप उमललं. मी देवाला मानत नाही, तरी त्या दिवशी छातीवर क्रूसाची खूण केली.

ताया आली. केसांत एकदोन पांढरे, हातात सुटकेस, मागे आस्या, उत्तरेकडच्या पोरांसारखी पांढरीफटक. सावेलिचने पहिल्यांदा काय केलं, तर नातीला चौकटीला टेकवून उभं केलं. ती खुणेच्या दोन बोटं वर गेली होती. त्याचा चेहरा उतरला. “दूध भारी पितात तिकडे,” मी म्हणाले, उगीच.

मग तो त्यांना झुडपापाशी घेऊन गेला आणि जाळी काढली. “घे,” तो आस्याला म्हणाला. “कोणाला सांगायला नको. तुझा तुझा हात पोचतो.”

आस्याने लगेच पाच पाकळ्यांचं एक फूल खाल्लं. मग दुसरं. मग तिसरं. मग हात मागे घेतला. “आजोबा, इथे तर कुठेही बघा, पाचच. मग शोधायचं काय?” ती इकडेतिकडे बघत कुंपणापाशी गेली, फाईनाच्या झाडाखाली उभी राहिली, शेंड्याचा तो सुकलेला घोस बघितला आणि दोन्ही हात वर केले.

“आजोबा, कडेवर!”

सावेलिच गेला. खरंच गेला, आणि वाकला. तिच्या काखेत हात घातले. मग तसाच राहिला, एक गुडघा मातीत, चेहरा राखेसारखा.

“सोड त्यांना,” ताया मुलीला म्हणाली. आवाज थंडगार. “आजोबा कडेवर घेत नाहीत. सात वर्षांची झाली की मोठी होते मुलगी, त्यांच्याकडे.”

मग मात्र माझा ताबा सुटला. “अगं, पाठ मोडली होती त्याची! तुझी आई गेली त्याच आठवड्यात. पाणी मी भरत होते तुमचं. किटलीपेक्षा जड उचलायला बंदी होती. आणि हे झुडूप काय उगीच केलंय? चौकटीवर तुझी खूण आहे, तेवढं! तुझा हात पोचावा म्हणून!”

ताया बापाकडे वळली. “खरं?”

तो मातीतच होता. “तू लहान होतीस. तुला कशाला काळजी.”

“मला वाटलं, आई गेली म्हणजे आता मला कोणीच उचलायचं नसतं,” ती म्हणाली. “मला फूल नको होतं रे, बाबा. ‘पाठ दुखते’ म्हणायचंस. मी तुझ्याशेजारी खाली बसले असते.”

  तिचं अख्खं बालपण त्याने तिच्याकडे पाठ करून, तिच्यासाठीच, वाफ्यात वाकून काढलं होतं.

मी त्याला उठवलं. तायाने आस्याला उचललं, कडेवरून खांद्यावर घेतलं. झाडाखालची जमीन उतरती आहे, तिचा तोल जायला लागला. तेव्हा सावेलिच मागे जाऊन उभा राहिला आणि त्याने दोन्ही हातांनी लेकीची कंबर धरली. आस्या वरून ओरडत होती, “चार... चार... चारच!” घोस संपला. पाचाचं एकही निघालं नाही. तरी खाली उतर असं कोणी म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने त्या समुद्राकडे गेल्या. संध्याकाळी तो बाकावर होता, जाळी न टाकता. मी फटीतून गेले, विचारल्याशिवाय एक पाच पाकळ्यांचं फूल तोडून खाल्लं आणि त्याच्या शेजारी बसले. काय मागितलं ते सांगणार नाही. थोड्या वेळाने तो उठला, “बरं, शेजारीणबाई,” म्हणाला आणि आत गेला.

ऑगस्टमध्ये बागेतली बाई आली. त्याने स्वतः धारदार चाकूने फांद्यांवरचे डोळे काढून ओल्या फडक्यात गुंडाळून दिले. बाईने नाव विचारलं. मला वाटलं, ताया म्हणेल.

“कडेवर,” तो म्हणाला.

बाई हसली. “अहो, छातीएवढं झुडूप! हे बघायला कोणाला कडेवर घ्यावं लागणार आहे?”

“कोणालाच नाही,” सावेलिच म्हणाला. “लिहा.”