पंधरा दिवसांचा चार्ज

पडदा वर जातो. सकाळची वेळ. रंगमंचावर आदल्या प्रयोगाचा अर्धा दिवाणखाना अजून तसाच उभा आहे: एक खिडकी, जिच्याबाहेर काहीच नाही, आणि एक सोफा, ज्यावर नवख्याने बसू नये, कारण त्याच्या मोडक्या पायाखाली वीट आहे. समोर रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा. डाव्या विंगेत एक बुटकं दार, दारावर ऑइलपेंटने लिहिलेलं ‘इनचार्ज’. अक्षरं शेवटी शेवटी दाटीवाटीने बसलेली, कारण लिहिणाऱ्या व्यक्तीला दाराचा अंदाज आला नव्हता. लिहिणारी व्यक्ती म्हणजेच इनचार्ज. आधी किल्ल्यांचा जुडगा ऐकू येतो, मग बाई दिसतात.

सगळी नटमंडळी त्यांना चार्जबाई म्हणत. तोंडावरसुद्धा. बाईंना ते आवडायचं.

खरं तर त्या तिकीट खिडकीवरच्या कारकून. नाट्यगृहाचे व्यवस्थापक बहिणीच्या लग्नासाठी रजेवर गेले आणि त्यांना तिकडची हवा इतकी मानवली की ते परत आलेच नाहीत. तेव्हा मुख्य कार्यालयातून एक सडपातळ, भरपूर केसांचे साहेब आले आणि उभ्या उभ्या म्हणाले, “बाई, पंधरा दिवस चार्ज तुमच्याकडे. सांभाळून घ्या.”

बाईंनी सांभाळून घेतलं. पुढे साहेबांचे केस गेले, पोट आलं, ते संचालक झाले. मखमली पडदा दोनदा बदलला. फक्त ते पंधरा दिवस काही संपले नाहीत. सरळ नेमणूक करायची तर बैठक घ्यावी लागते, आणि बैठकीला बसायला साहेबांना उसंत नव्हती.

चार्ज हा शब्द मोठा रुबाबदार. नट मंडळी एंट्रीआधी विंगेत दंड झटकत म्हणायची, “आज मी एकदम चार्ज आहे.” पण बाईंच्या वाट्याला त्याचे बाकीचे अर्थ आले. एकदा मुख्य नटाचा घसा बसला, प्रयोग रद्द झाला आणि चिडलेली गर्दी खिडकीवर चालून आली. पोलिसांनी लाठीचार्ज केला. गर्दीच्या तोंडाशी हात जोडून उभ्या होत्या बाई, त्यामुळे पहिली लाठी त्यांच्या कोपरावर बसली. पुढच्या आठवड्यात मुख्य कार्यालयाने त्यांच्यावर चार्ज ठेवला: गर्दी आवरली का नाही? चार्ज तर तुमच्याकडे होता. कोपर बरं झालं, पण तो कागद फायलीत राहिला. हॉलचे चार्जेस वाढले की नाटकवाले बाईंच्या नावाने खडे फोडत. आणि उत्कृष्ट नाट्यगृहाचं मानचिन्ह आलं तेव्हा ते घ्यायला साहेब गेले. मानचिन्हाचा चार्ज त्यांच्याकडे असावा.

आता हंगामाच्या शेवटी बाई निवृत्त व्हायच्या होत्या. त्याआधी कायम नेमणुकीचा कागद निघाला तर त्या व्यवस्थापक म्हणून घरी जाणार. नाही निघाला तर निरोपाच्या भाषणात साहेब म्हणणार, “तिकीट खिडकीवरच्या आमच्या जुन्या सहकारी.” बाईंना हे वाक्य साहेबांच्या आवाजात आत्ताच ऐकू यायचं, मधल्या खोकल्यासकट.

आणि अशात फोनवर साहेबांचा मेसेज आला. “उद्या येतो. चार्जचं सगळं तयार ठेवा.”

घरी तो निरोप पुन्हा पुन्हा वाचून झाला. बाईंचे यजमान छापखान्यातले निवृत्त मुद्रितशोधक. चहाच्या पुड्यावरचा मजकूरही ते पेन घेऊन वाचत.

“शब्द फसवा आहे,” चष्मा कपाळावर चढवत ते म्हणाले. “कार्यभार धरला तर तुझं नशीब उघडलं. आरोप धरला तर वकील बघायला हवा. आकार धरला तर भाडेवाढ. विद्युतभार धरला तर...”

“तर काय?”

“तर काही नाही. ते शाळेच्या पुस्तकात.”

“अहो, एका शब्दाचा एक अर्थ तुम्हाला कधी लावता येईल का?”

“ज्यांचा शब्द त्या इंग्रजांना जमलं नाही, मी कुठून लावू?”

कोपऱ्यात सासूबाई बसल्या होत्या. त्यांना कमी ऐकू यायचं, पण गप्प बसणं त्याहून कमी जमायचं. “कोणाला जाच?” त्यांनी विचारलं.

“जाच नाही हो आई, चार्ज.”

“तेच म्हणतेय मी. किती वर्षं ऐकतेय, जाच माझ्याकडे आहे, जाच माझ्याकडे आहे. एवढा जाच आहे तर सोडून का देत नाहीस?”

“ही दुरुस्ती मात्र मला मान्य आहे,” यजमान म्हणाले.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी कपाटातून ठेवणीतले कपडे काढले. किल्ल्या चिंचोक्याएवढ्या असोत की वीतभर, एकेक चिंधीने घासून लख्ख केली. आरसा समोर धरून आभाराची चार वाक्यं पाठ केली आणि, न जाणो, आरोपाला द्यायची दोन उत्तरंही.

दुसऱ्या दिवशी साहेब आले ते आवाजच न करता, कारण त्यांची नवी गाडी विजेवर चालणारी होती. बाई दारात पुढे झाल्या. “साहेब, इतक्या वर्षांच्या सेवेनंतर आपण...”

“ते नंतर. पॉइंट कुठाय?”

“कसला?”

“अहो, चार्जचं तयार ठेवा म्हटलं होतं ना? गाडीने पार मान टाकलीय. तुमच्या स्टेजच्या लाइनला दम आहे म्हणतात.”

यजमानांच्या शाळेच्या पुस्तकातला अर्थ जिंकला होता. बाईंनी पाठ केलेली वाक्यं गिळली आणि सामानाच्या मोठ्या दारातून, दिवाणखान्याच्या खिडकीखालून, जाडजूड केबल दिव्यांच्या पॉइंटपर्यंत ओढून दिली. साहेब तेवढ्यात सोफ्यावर टेकले. वीट सरकली. साहेब एका अंगाला कलले आणि तसेच बसून राहिले, जणू सोफे असेच असतात.

“बाई, तुमचा तो नेमणुकीचा कागद,” ते कललेल्या अवस्थेत म्हणाले, “बॅगेतच आहे. बैठक कागदोपत्री दाखवू. निघताना सही करून टाकतो.”

बाईंनी विचारलं, “निघताना म्हणजे?”

“गाडी भरली की.”

गाडी साहेबांच्याच चालीने भरत होती. दुपार कलली. नाटकवाले आले, सोफ्यावरून साहेबांना अदबीने उठवून विंगेतल्या स्टुलावर बसवलं, नवा सेट लागला. मग दिवेवाला बाईंच्या कानाशी आला. हा माणूस उंच शिडीवर कधी घाबरला नव्हता, पण आता कुजबुजत होता.

“चार्जबाई, गाडी काढायला लागेल. दिव्यांचा भार आणि गाडीचा भार एका लाइनवर नाही पेलायचा. सगळंच उडेल.”

बाई साहेबांकडे गेल्या. “साहेब, प्रयोगाची वेळ झालीय. पॉइंट लागेल.”

“अर्धीच भरलीय अजून. प्रयोग ढकला की पुढे. तासाभराने कोणाचं काय बिघडतं?”

“लोक आलेत, साहेब.”

“लोक बसतात हो.” साहेबांनी बॅग मांडीवर घेतली, कागद बाहेर काढला आणि खिशातलं पेन उघडून नुसतंच बोटांत धरलं. “मलाही कुठे घाई आहे.”

बाईंनी पडद्याच्या भोकाला डोळा लावला. दुसऱ्या रांगेत एक म्हातारं जोडपं बसलं होतं. आजी आजोबांचा चष्मा ओढून घेऊन पुसत होत्या आणि आजोबा चष्म्याविना, दिसत नसतानाही, पडद्याकडेच बघत होते. नाट्यगृह भरत आलं होतं. ‘काही अपरिहार्य कारणास्तव’ हे शब्द बाईंना तोंडपाठ होते. माइक हाताशी होता. एवढं एक वाक्य म्हटलं की कागदावर सही, आणि निरोपाच्या भाषणात व्यवस्थापक.

या नाट्यगृहात पहिल्या दोन घंटा कोणीही देई. तिसरी मात्र चार्ज असलेल्यानेच द्यायची, असा जुना शिरस्ता. बाईंचे कपडे कधी उशिरा वाळले, जेवण कधी उशिरा झालं, नेमणूक तर झालीच नाही. पण त्यांची तिसरी घंटा कधी उशिरा झाली नव्हती.

त्या पॉइंटपाशी गेल्या. दोन्ही हातांनी प्लग धरला, लाठी खाल्लेल्या कोपराचा पण, आणि उपटून काढला. बाहेर गाडीने कोणीतरी अपमान केल्यासारखा एक बारीक सूर काढला. बाई दिवेवाल्याला म्हणाल्या, “तुझा भार घाल.” मग येऊन त्यांनी तिसरी घंटा दिली, नेहमीसारखी, लांबलचक.

साहेब स्टुलावरून उठून आले. कागद तसाच बिनसहीचा त्यांच्या हातात होता. पडदा उघडायच्या बेतात असल्याने त्यांना ओरडता येत नव्हतं, त्यामुळे त्यांचा संताप अगदी हळू आवाजात बाहेर पडला.

“बाई, हे कोणाला विचारून केलंत? कोणाच्या अधिकारात?” आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

बाईंनी पडद्याच्या दोरीला हात घातला. समोर अंधार झाला होता, आजोबांचा चष्मा परत नाकावर आला असणार. दोरी ओढता ओढता त्या म्हणाल्या, “तुमच्याच, साहेब. पंधरा दिवस चार्ज माझ्याकडे आहे.”