सुपारी फुटलीच पाहिजे!

सुपारी मराठीत तीन ठिकाणी लागते: पानात, लग्नात आणि खुनात. मला त्यातली पहिली आणि तिसरी माहीत होती.

मधली माहीत नसायला माझी इंग्रजी शाळा जबाबदार आहे, असं आप्पा म्हणतात. (आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. विहिरीवरची मोटार जळाली तरी ते माझ्या इंग्रजी शाळेलाच जबाबदार धरतात.) दोन्हीकडच्या माणसांसमोर सुपारी फोडली की लग्न पक्कं, हे आमच्या अणदूर गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी मात्र सिनेमे बघत वाढले. सिनेमात सुपारी दिली की माणूस जातो. आणि ती फुटली, म्हणजे परीक्षेचा पेपर फुटतो तशी फुटली, तर ज्याला मारायचं त्यालाच आधी कळतं!

तर मुरूम गावचे पाहुणे मला बघायला आले. मुलाचं नाव मल्लिकार्जुन. आधीच्या स्थळांसमोर मी नाव आणि शिक्षण सोडून काहीच बोलले नव्हते, म्हणून आईनं सकाळीच बजावलं होतं, "आज तरी तोंड उघड गं बाई! लोकांना वाटतंय पोरगी मुकी हाय."

पोहे झाले. "पोरांना जरा बोलू द्या," असं कुणीतरी म्हणालं आणि आम्हाला गच्चीवर पाठवलं. आमच्या गच्चीचा जिना थेट बैठकीत उतरतो, त्यामुळं वरचं बोलणं खाली कर्ण्यातून यावं तसं ऐकू येतं. हे मला माहीत होतं. पण वर आजवर कुणी ऐकण्यासारखं काही बोललंच नव्हतं. (मी तर नाहीच.)

"तुम्हाला काय आवडतं?" मल्लिकार्जुननं पाण्याच्या टाकीला विचारलं.

"सिनेमे," मी वाळत घातलेल्या मिरच्यांना सांगितलं.

"कसले?"

इथं 'कौटुंबिक' म्हणायचं असतं. पण तोंड उघड, असा हुकूम होता. "गँगस्टरचे."

तो एकदम वळला. "सगळ्यात भारी कुठला?"

मी सांगितला. त्यानं दुसराच सांगितला. (नावं लिहीत नाही, घरात परत भांडण नको.) त्याच्या सिनेमातला डॉन शेवटपर्यंत एकदाही ओरडत नाही. "नुसता खुर्चीत बसून चहात बिस्कीट बुडवतो हो! आणि समोर बसलेल्याचं बिस्कीट भीतीनं कपात गळून पडतं. ह्याला म्हणतात डॉन!"

"छे!" मी म्हणाले. (मी! अनोळखी माणसाला! छे!) "माझ्या सिनेमात डॉनची आई त्याला सगळ्या गुंडांसमोर मेथी निवडायला बसवते. तो मान खाली घालून निवडतो, आणि निवडता निवडता एकाला संपवायचं ठरवतो. भीती तिथं वाटते. बंदूक काय, कुणीही घेतं."

"मेथी निवडणाऱ्याला कोण घाबरेल?"

"म्हणूनच घाबरायचं! आपल्या घरातही तसाच माणूस असतो ना!"

"ते असू द्या. तुमच्या सिनेमात एक मोठी चूक आहे. सुपारी मध्यंतराआधीच फुटते. मग पुढं बघायचं काय?"

आधीची स्थळं माझ्या गप्प बसण्यालासुद्धा "हो, हो" म्हणायची. हा चक्क भांडत होता! मला तो आवडायला लागला होता, आणि म्हणूनच त्याला सोडायचं नाही, असं मी ठरवलं. म्हणजे वादात.

"फुटलीच पाहिजे!" मी आवाज चढवला.

"अजिबात फुटता कामा नये!"

"फुटलीच पाहिजे! आणि तीही लवकर!"

"मला नाही पटत!"

खालच्या कपबश्यांच्या आणि गप्पांच्या गोंगाटात आमचं आधीचं बोलणं बुडालं होतं; तो गोंगाट आता थांबला. मग आप्पांची हाक आली. "खाली या दोघंबी."

खाली आलो, तर मुलाची आई लालबुंद. "येन आयतु? काय झालं रे?" ती कानडीत आणि मराठीत एकदमच बरसली. "एवढी गुणाची पोरगी सोताच्या तोंडानं म्हनतीय, अन् तू नको म्हनतूस?"

"आमची पोरगी काय वाऱ्यावर पडली न्हाय," आप्पा उभे राहत म्हणाले. "पसंत न्हाय तर सरळ सांगा. वर नेऊन तिला हातापाया पडायला लावू नका!"

मला काहीच कळेना. मी आईला हळूच विचारलं, "काय झालं गं?"

"तुझी सुपारी न्हाय म्हनतोय की त्यो!"

"माझी सुपारी?" मी आईच्या मागं सरकले. "कुणी दिली?"

"आप्पा फोडणार हुते आत्ता!"

मी आप्पांकडं पाहिलं. त्यांच्या हातात लोखंडी बत्ता होता!

"तसं नाही हो," मल्लिकार्जुन घाईघाईनं म्हणाला, "मला मुलगी पसंत आहे. सुपारी फक्त शेवटी फुटावी, एवढंच माझं म्हणणं."

"शेवटी म्हंजे?" आप्पांनी विचारलं. "बारशाला?"

आता बोलणं भागच होतं. "आप्पा, ती सुपारी वेगळी," मी म्हणाले. "ती माणूस मारायची!"

मुलाच्या आईला चहाचा ठसका लागला. तिच्या पाठीवर थोपटायला चार बायका धावल्या.

"बघा!" आप्पा बत्ता उंचावून म्हणाले. "ह्ये इंग्रजी शाळेचं!"

मल्लिकार्जुननं सगळा सिनेमा सांगितला, मेथीसकट. ऐकून काही हसले, काहींना त्या डॉनच्या आईचंच कौतुक वाटलं. शेवटी मुलाच्या आईनं कप खाली ठेवला. "हे बघ बाळ, सिनेमा ऱ्हाऊ दे. आमचा मल्लू तुला चालतो का न्हाय, तेवढं सांग."

सगळी बैठक माझ्याकडं बघायला लागली. मला तो चालत होता. चांगलाच चालत होता. पण एवढ्या डोळ्यांपुढं माझी मराठी पार आटली, आणि तोंडातून आलं, "आय डोन्ट माइंड."

आता कुणालाच काही कळेना. सगळे आप्पांकडं वळले.

"डोन्ट म्हंजे न्हाय," आप्पा गंभीर आवाजात म्हणाले. "माइंड म्हंजे मन. पोरीचं मन न्हाय."

पाहुणे उठले. आईनं कपाळाला हात लावला. मल्लिकार्जुनला खरा अर्थ कळला असणार, पण 'माझी हरकत नाही' एवढ्यावर माणसानं लग्न करावं का, या विचारात तो चपला शोधत होता. एक पायात गेली. दुसरी सापडली.

आणि मी ओरडले.

"मला चालतो! मला हाच मुलगा पाहिजे! आप्पा, फोडा ती सुपारी!"

रस्त्यावरून चाललेला ट्रॅक्टर थांबला, असं आई सांगते. (मला नाही आठवत. मी डोळे मिटले होते.) आप्पांनी मात्र एका घावात सुपारी फोडली. उशीर केला, तर मी आणखी काही इंग्रजी बोलेन, अशी त्यांना भीती होती म्हणे.

आता मी मुरूमला असते. कुणी नवीन पाहुणं आलं की सासूबाई माझी ओळख करून देतात, "आमची सून लई अबोल. आमच्यासमोर एकदाच मनापासून बोलली, अन् माझा पोरगा घेऊन बसली!"