न मांडलेलं विधेयक

“ताई, आधी काय झालं नाय ते लिहा. झालेलं सांगायला कार्यकर्ते हायेत.”

दर शनिवारी दुपारी आमचे आमदारसाहेब असं म्हणायचे आणि मजकूर सांगायला लागायचे. सांगताना ते कधी बसत नसत. पंचवटीत एका भांड्यांच्या दुकानाच्या वर त्यांचं कार्यालय होतं. त्या लांबट खोलीत, हात पाठीमागे बांधून, खिडकीपासून दारापर्यंत त्यांच्या फेऱ्या चालत. दाराशी पोचले की वाक्य संपलं पाहिजे. वाक्य लांबलं तर ते दाराशीच उभे राहत, पण पूर्णविराम आल्याशिवाय वळत नसत.

मी त्यांचं साप्ताहिक निवेदन लिहायचं काम करत होते. त्याआधी एका स्थानिक दैनिकात उपसंपादक होते. ते दैनिक बंद पडलं, आणि कुणीतरी सांगितलं की आमदारांना शुद्ध मराठी लिहिणारं माणूस हवंय. जायला मन होत नव्हतं. साहेबांची मतं गावाला ठाऊक होती. कपाळावर गंध, डोक्यावर टोपी, बायकांना लांबूनच नमस्कार. एकत्र कुटुंब मोडलं तिथून समाज बिघडला, हे त्यांच्या प्रत्येक भाषणात असायचंच. आणि मी स्वतःच्या मर्जीनं लग्न केलेली, स्वतःच्याच मर्जीनं त्यातून बाहेर पडलेली बाई.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “घरी कोण कोण असतं?”

“मी.”

ते जरा थांबले. आता काहीतरी ऐकून घ्यावं लागणार, म्हणून मी पर्स सावरून बसले.

“जेवणाखाण्याचं?”

“स्वयंपाक येतो मला.”

“मग बरंय,” ते म्हणाले आणि फेऱ्या मारायला लागले. त्यानंतर माझ्या घरचा विषय त्यांनी कधीच काढला नाही. दिवाळीत मात्र वहिनींनी भरून दिलेला फराळाचा डबा आला. पुढे दर दिवाळीला येत राहिला.

पुढाऱ्यांचे संदेश तुमच्याही मोबाइलवर येतच असतील. हार, फेटे, हात जोडलेले फोटो. आमच्या निवेदनात फोटो नसायचा. या आठवड्यात सभागृहात काय आलं, साहेब त्यावर काय बोलले, मत कुठं दिलं, कुठल्या गावाचं काम अडलंय आणि ते कोणामुळे, एवढंच. रविवारी सकाळी ते सगळ्यांच्या फोनवर जाई. ग्रामपंचायतींच्या फळ्यांवर चिकटवलं जाई. भाजीबाजारात एक कोथिंबीरवाल्या मावशी शेजारच्या गाळ्यावरच्या पोरीकडून ते वाचून घेत, आणि पटलं नाही तर सोमवारी सरळ कार्यालयात येत.

त्या मावशी साहेबांची कसोटी होत्या. मी ‘तरतूद’ लिहिलं की ते थबकायचे. “हे मावशींना कळंल का?” मग आम्ही तो शब्द फोडत बसायचो. एकदा मी उत्साहात त्यांच्या नावाआधी ‘कार्यसम्राट’ लिहिलं. त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला आणि गंभीरपणे विचारलं, “हे कोण?”

अधिवेशन असलं की मजकूर मुंबईहून फोनवर यायचा. मागे कपबशांचा आवाज. तिथंही ते चालत असावेत, कारण वाक्याच्या शेवटी दार उघडल्यासारखा आवाज यायचा.

द्राक्षांच्या हंगामात सुरगाण्याकडची माणसं बागांवर कामाला येतात. एका वर्षी त्यांच्या वस्तीवर लहान मुलं तापानं फणफणली. साहेबांनी दवाखान्याची गाडी रोज तिथं जाईल असं बघितलं, आणि ते निवेदनात लिहायला सांगितलं. एक कार्यकर्ता म्हणाला, “साहेब, त्यांचं मतदान तिकडं हाय.”

“मतदान तिकडं असंल,” साहेब म्हणाले, “पोरं आजारी इथं पडलीत ना?”

आता त्या विधेयकाचं सांगते.

मुलामुलीनं आपल्या मर्जीनं लग्न केलं तरी नोंदणीच्या वेळी आईवडिलांची सही असावी, असा कायदा व्हावा हे साहेबांचं फार दिवसांचं म्हणणं होतं. सरकार आणत नाही म्हटल्यावर ते स्वतःच अशासकीय विधेयक मांडणार होते. मतदारसंघात त्याचं कौतुक चाललं होतं. गावोगाव सत्कार झाले. त्यांचं एक वाक्य सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं, “आईबाप लेकराचं वाईट बघत नाहीत.” ते वाक्य मी दोनतीन निवेदनांत लिहिलं. पटत नव्हतं, तरी लिहिलं. एकदा न राहवून म्हटलं, “साहेब, सगळेच आईबाप सारखे नसतात.” ते म्हणाले, “ताई, नियम सगळ्यांसाठी करायचा असतो, अपवादांसाठी नाही.” आवाज चढला नव्हता. मी पुढचं वाक्य लिहायला घेतलं.

हे विधेयक त्यांच्या डोक्यात घालणाऱ्यांत आप्पा पुढे होते. आप्पा म्हणजे शहराबाहेरच्या एका गावातले बागाईतदार, साहेबांचे जुने मित्र. साहेब पहिल्यांदा उभे राहिले आणि पडले, तेव्हा बरोबर राहिलेल्या मोजक्या माणसांतले. साहेब मूळचे देवळ्याकडचे. आप्पांशी बोलताना त्यांची भाषाच बदलायची, गावाकडची व्हायची. “काय शे आप्पा?” म्हणत ते मोकळे हसायचे. एरवी असं हसताना मी त्यांना पाहिलं नाही.

सोमवारी लोकांना भेटायचा दिवस असे. त्या सोमवारी रांगेतून एक मुलगी पुढे आली. अंगात साधा पंजाबी ड्रेस, पायांत घरात घालायच्या चपला.

“साहेब, मी मोहिनी. आप्पांची.”

“अगं, केवढी झाली! बस. आप्पा कुठंय?”

“त्यांना माहीत नाही मी आलेय.” ती बसली नाही. “मला एवढंच विचारायचंय. तुमचा कायदा झाला, तर मला सही कोण देणार?”

साहेबांनी बाकीच्यांना बाहेर बसायला सांगितलं. मी उठायला लागले तसे म्हणाले, “ताई, तुम्ही थांबा.”

तिनं सांगितलं ते असं. तिच्याबरोबर शिकलेल्या एका मुलाशी तिला लग्न करायचं होतं. मुलगा कंपनीत नोकरीला, जात वेगळी. आप्पांनी तिचं लग्न शेजारच्या बागेच्या मालकाशी ठरवलं होतं. माणूस विधुर, तिच्यापेक्षा पुष्कळ मोठा. दोन्ही बागांमधला बांध निघाला असता. ती नाही म्हणाली, तेव्हापासून तिला खोलीत कोंडून ठेवलं होतं. आज आईनं कडी काढली होती.

“आप्पा असं करणार नाही,” साहेब म्हणाले.

“तुम्ही येऊन बघा.”

मला वाटलं, आता ते आप्पांना फोन लावणार, आणि ही पोरगी संपली. त्यांनी फोन उचलला, तो वहिनींना. “एक मुलगी पाठवतोय. जेवू घाला. कोणी विचारायला आलं तर मी येईस्तोवर दार उघडू नका.” मग मला म्हणाले, “चला.”

आप्पा ओट्यावरच होते. मुलगी नाहीशी झाल्यानं घरात धावपळ चाललेली. साहेबांना बघून त्यांना धीर आला. “बरं झालं आलात! पोरगी पळाली बघा. म्हणून तर म्हणत होतो, कायदा लवकर आणा.”

साहेब सरळ आत गेले. मी मागोमाग. माजघरात मोहिनीची आई भिंतीला टेकून उभी होती. तिनं नुसतं एका खोलीकडे पाहिलं.

दार जुनं, सागवानी. त्याला बाहेरून नवी कोरी कडी बसवलेली होती. स्क्रू अजून चकाकत होते. उंबऱ्याशी लाकडाचा भुसा पडला होता, तो कुणी झाडलाही नव्हता. साहेबांनी कडीवर बोट ठेवलं.

“काय व्हयनं हे, आप्पा?”

“पोरीची जात हाय, साहेब. ध्यान ठेवावं लागतं.”

“कडी बाहेरून हाय.”

“मग आतून बसवून काय उपेग?”

आप्पा हे अगदी साधेपणानं म्हणाले. आपण काही वावगं बोललो असं त्यांना वाटलंच नाही. साहेबांनी कडीवरचं बोट काढलं. मग म्हणाले, “पोरगी माझ्या घरी हाय. सुखरूप हाय. तिला मी इथं धाडणार नाही.”

आप्पांना ते कळायला वेळ लागला. कळल्यावर ते जे बोलले ते मी इथं लिहीत नाही. साहेबांनी सगळं उभ्यानं ऐकून घेतलं. निघताना मोहिनीच्या आईला लांबून हात जोडले.

गाडी पूल ओलांडून पंचवटीत शिरली तेव्हा साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, “तो वाईट माणूस नाय, ताई. मी त्याला चांगला ओळखतो.” आणि जरा वेळानं, “म्हणूनच भ्या वाटतंय.”

त्या शनिवारी फेऱ्या झाल्या नाहीत. ते खुर्चीत बसले.

“लिहा. लग्नाच्या नोंदणीला आईवडिलांची सही लागावी, असं विधेयक मी मांडणार होतो. ते मी मांडणार नाही.”

मी लिहून वर पाहिलं. “कारण?”

“माझं मत बदललं नाय. लेकरांनी आईबापाला विचारावं, असं मी आजही म्हणतो. पण विचारणं घरातलं असतं. कायद्यात घातलं की आईबापाच्या हाती कडी जाते. कोण ती कशी लावंल, हे मला मुंबईत बसून दिसणार नाय.” त्यांनी टोपी नीट केली. “आणि लिहा, मी अनेक ठिकाणी सत्कार घेतले. लोकांनी मला त्यासाठी बोल लावला तर तो रास्त आहे.”

“आप्पांचं—”

“आप्पाचं नाव नको. गावाचं नको. मुलीचं तर नकोच.”

रविवारी सकाळपासून फोन सुरू झाले. पक्षातून विचारणा झाली. ज्यांनी फेटे बांधले होते तेच कार्यालयाखाली उभे राहून ओरडून गेले. आमदारांना घाबरवलं, आमदार विकले गेले, काय वाट्टेल ते. खरं कारण एका वाक्यात सांगता आलं असतं. आप्पांचं नाव घेतलं असतं तर अर्धे लोक गप्प झाले असते. साहेबांनी ते सांगितलं नाही. भाजीबाजारातल्या मावशी तेवढ्या सोमवारी आल्या. कोथिंबिरीची जुडी टेबलावर ठेवून म्हणाल्या, “मला दोनदा वाचून घ्यावं लागलं. पण कळलं.”

मोहिनीचं लग्न नोंदणी कार्यालयात झालं. साहेबांनी पोलीस बंदोबस्त मागून घेतला, पण स्वतः आत आले नाहीत. “मला हे लग्न पटलेलं नाय,” असं त्यांनी तिला तोंडावर सांगितलं होतं. मात्र सगळं उरकेपर्यंत ते बाहेर गाडीत बसून होते. जोडपं पायऱ्या उतरून आलं तसे खाली उतरले. दोघं पाया पडली.

“सुखी राहा. आणि बापाला फोन कर,” ते मोहिनीला म्हणाले. “तो उचलणार नाय. तरी करत राहा.”

ते स्वतःही तेच करत होते. दर सणाला आप्पांच्या ओट्यावर जाऊन बसायचे. आप्पा आतून बाहेर येत नसत. मोहिनीची आई पाण्याचा तांब्या आणून ठेवायची. पाणी पिऊन साहेब परत फिरायचे. एका पाडव्याला आप्पा बाहेर आले, न बोलता शेजारी बसले, आणि आतल्या बाजूला तोंड करून ओरडले, “चहा ठेव दोघांना.” परत येताना साहेब गाडीत कसलासा अभंग गुणगुणत होते. आवाज मुळीच चांगला नव्हता.

पुढच्या निवडणुकीला पक्षानं त्यांना तिकीट दिलं नाही. निकालानंतर त्यांनी शेवटचं निवेदन सांगितलं, त्यात नव्या आमदारांचं अभिनंदन होतं आणि राहिलेल्या कामांची माहिती. मला एका प्रकाशनसंस्थेत काम मिळवून दिलं. “तिथं मावशी नाहीत,” म्हणाले, “पण लिहिताना हायेत असं धरून चाला.”

गेल्या वर्षी साहेब गेले. देवळ्याला, त्यांच्या शेतावर. मला उशिरा कळलं, जाता आलं नाही. मोहिनीकडून ऐकलं की आप्पा खांदा द्यायला पुढे होते.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते आमदारकी गेल्यानंतरच्या पावसाळ्यात. मी रिक्षानं नव्या आमदारांच्या कार्यालयावरून जात होते, तर बाहेरच्या लोखंडी बाकावर टोपी दिसली. साहेबच होते. शेजारी एक म्हातारी बाई. तिच्या वस्तीचं नळाचं काम अडलं होतं. सवयीनं ती साहेबांकडे गेली होती, आणि साहेब तिला घेऊन इथं आले होते.

“साहेब, तुम्ही आत जा ना थेट,” मी म्हटलं.

“आमच्या पुढं माणसं हायेत, ताई.”

आतून एक नवा तरुण कारकून बाहेर आला. त्यानं साहेबांना ओळखलं नाही. नाव विचारलं, गाव विचारलं. साहेबांनी दोन्ही नीट सांगितलं. काम कोणाचं आहे, असं त्यानं विचारलं, तेव्हा त्यांनी म्हातारीकडे हात केला. “यांचं. पण यांना कमी ऐकू येतं. जरा मोठ्यानं बोला.”

माझी रिक्षा थांबली होती, मला निघावं लागलं. वळून पाहिलं, तेव्हा रांगेत आणखी कोणीतरी आलं होतं. साहेब म्हातारीची पिशवी मांडीवर घेऊन, जागा करून द्यायला बाकाच्या कडेला सरकत होते.