कोरडा मार

पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून जाम नदी वाहते. नदी म्हणायची म्हणून म्हणायची. सासरच्या काठावर उभं राहून माहेरच्या म्हशी ओळखू येतात, एवढीच तिची रुंदी. जयवंता सावरगावची लेक आणि पांढुर्ण्याची सून. वर्षभर तिला याचं सुखच होतं. वर्षातून एक दिवस मात्र, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नदीत पळसाचं झाड रोवलं जायचं, त्यावर झेंडा चढायचा, आणि तो मिळवायला एका काठावरून तिचा नवरा नि दुसऱ्या काठावरून तिचा भाऊ दगड भिरकावायचा. गोटमारीचा हा रिवाज तिच्या आजेसासऱ्याच्याही आधीचा. त्यात एक नियम सगळे पाळत. दगड कोणाचा, हे विचारायचं नाही. डोकं फुटलं की चंडीच्या देवळात जायचं, जखमेत हळद नि अंगारा भरायचा आणि पुन्हा नदीत उतरायचं.

त्र्याऐंशीच्या पोळ्याला तिच्या नवऱ्याच्या, सुखदेवच्या, डाव्या डोळ्यावर दगड बसला. बसला तोही कसा, तर रक्ताचा थेंब नाही. आता ज्याला रक्तच आलं नाही त्याची गोटमारीत काय किंमत? सोबत्यांनी पापणीवर अंगारा लावला, कोरडा मार आहे म्हणून पाठीवर थाप मारली, आणि गडी संध्याकाळपर्यंत दगड मारत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने चहाची कपबशी उचलायला हात पुढे केला तो कपाच्या बाजूला. डाव्या डोळ्यापुढे नुसता धूर होता.

जयवंताने त्याला पॅसेंजरमध्ये बसवून नागपूरला नेलं. डॉक्टरांनी थेंब टाकून बाहुली मोठी केली, कपाळाला दिवा बांधला, हातात भिंग धरून बराच वेळ आत पाहिलं. मग त्यांनी सुखदेवला नाही, तिलाच समजावलं. डोळ्याच्या आत मागे एक पडदा असतो, त्याच्यावर दिसतं. माराने तो सुजून पांढरा पडला आहे. ही सूज आपोआप उतरेल आणि धूरही जाईल. पण काठाजवळ तो विरला आहे, आणि विरलेलं कापड कधी फाटेल सांगता येत नाही. ओझं उचलायचं नाही. महिन्याच्या महिन्याला दाखवायला यायचं. घरी रोज सकाळी चांगला डोळा झाकून बोटं मोजायला लावायची, आणि डोळ्यापुढे काजवे चमकतात का, कडेने काळी सावली येते का, हे विचारायचं. सावली आली तर त्याच दिवशी गाडीत बसायचं. वेळेत आलात तर बर्फाचा शेक देऊन पडदा चिकटवता येतो.

परत आले तर ओसरीवर तिचा धाकटा भाऊ रवींद्र बसलेला. दगड आपला होता हे त्याने स्वतःहून सांगितलं आणि हमसून रडला. ज्या गोष्टीला नाव द्यायचं नाही तिला त्याने नाव दिलं. सासूने, केसरबाईने, दारातून ऐकलं. ती आरडाओरडा करणारी बाई नव्हती.

"डोया राह्यला तर तो गोटमारीचा दगड," ती सुनेला म्हणाली. "गेला तर तुह्या भावाचा. मंग त्या काठाचं नाव या घरात घ्यायचं नाही."

तेव्हापासून जयवंताच्या आत काहीतरी बधिर झालं. रडू येत नव्हतं, राग येत नव्हता. ती फक्त सकाळ झाली की सुखदेवला उजेडात बसवायची, त्याच्या उजव्या डोळ्यावर तळहात ठेवायची आणि बोटं धरायची. आधी दोन, मग पाच, मग तीन. पहिले काही दिवस तो चाचपडला. मग धूर विरळ झाला आणि तो बिनचूक सांगू लागला. नागपूरच्या दोन खेपांत डॉक्टरांनीही मान डोलावली. सूज उतरली होती.

दिवाळीनंतर संत्र्याचा तोडा सुरू झाला. एरवी डोक्यावर पेट्या घेऊन ट्रकवर चढणारा सुखदेव त्या साली बायांच्या ओळीत बसून संत्री निवडू लागला. बाया त्याला सुखदेवबाई म्हणून चिडवत. एका सकाळी माणसं कमी पडली आणि त्याने चार पेट्या चढवल्या. हे जयवंताला फार पुढे कळलं. त्या महिन्यात काम आहे म्हणत त्याने नागपूरची खेपही टाळली, आणि पुढच्या महिन्यातलीही. सकाळी मात्र तो रोज बसायचा. काजवे नाहीत. सावली नाही. दोन, पाच, तीन.

संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. चुलीवर दूध उतू जात होतं, तिचं अर्धं लक्ष तिकडे. तिने सवयीने हात पुढे केला, पण बोटं उघडलीच नव्हती. मूठ तशीच मिटलेली.

"दोन," सुखदेव म्हणाला.

तिने मूठ खाली घेतली. हात मांडीवर ठेवला.

"पाच," तो म्हणाला. थोडं थांबून, "तीन."

जयवंता उठली, दूध उतरवलं, चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं. मग विचारलं, कधीपासून. तेव्हा कुठे त्याने सांगितलं. दिवाळीनंतर खालून सावली चढली होती. आधी नाकाच्या बाजूने, मग सगळीकडे.

"सांगतलं काहून नाही?"

"सांगून काय करू? डोया गेला म्हणलं का मायनं तुह्यं माहेर तोडलं असतं. वाटलं, सावली थांबन. बोटं तं मले पाठ होती."

तिने त्याला त्याच दिवशी नागपूरला नेलं. डॉक्टरांनी पुन्हा दिवा बांधला, पण या वेळी फार पाहिलं नाही. पडदा सगळा सुटून आत गोळा झाला होता. सावली आली त्या दिवशी आले असते तर, एवढं बोलून ते थांबले. पुढचं वाक्य त्यांनी तिच्यावर सोडलं. गाडीत सुखदेव झोपून गेला आणि ती खिडकीतून पाहत बसली. डोळा वाचवता आला असता, आणि तो तिच्यासाठी गेला. या दोन गोष्टी तिला नीट कळत होत्या; लागत मात्र काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी केसरबाई दारात येऊन बसली. नागपूरचा डॉक्टर काय म्हणाला, तिने विचारलं. जयवंताने सुखदेवला उजेडात बसवलं, उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि बोटं धरली. दोन. पाच. तीन. त्याने बरोबर सांगितलं. सासूने कपाळाला हात लावून चंडीला नमस्कार केला आणि ती आत गेली.

पुढच्या पोळ्याच्या आधी रवींद्र बहिणीला न्यायला आला. भाऊजींचा डोळा कसा आहे, त्याने भीत भीत विचारलं. बरा हाय, ती म्हणाली. केसरबाईने स्वतः सुनेच्या पिशवीत भावासाठी करंज्या घातल्या आणि दोन दिवस राहून ये म्हणाली. सुखदेव अंगणात तोंड दुसरीकडे करून उभा होता. बायको निघाली की नाही हे तो कान देऊन ऐकत होता.

माहेरच्या नावानेही जयवंताच्या आत काही हललं नाही. तिने पिशवी भावाच्या हाती दिली.

"तू जाय," ती म्हणाली. "मले येवासं नाही वाटत."