फुकटच्या अँटिव्हायरसविरुद्ध तक्रार अर्ज

ती घटना आठवली की आजही माझं डोकं सणकतं. तेहतीस वर्षांच्या नोकरीत चोर पाहिले, दरोडेखोर पाहिले, पण एवढा वैताग मला कुठल्या अट्टल गुन्हेगारानेही दिला नाही.

साल २०१७. डहाणू तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो. दिवाळी आठवड्यावर आलेली. राज्याच्या सीमेपलीकडून येणाऱ्या दारूच्या गाड्यांसाठी नाकाबंदी, बाजारातला बंदोबस्त, त्यात मनुष्यबळ कमी. अशा वेळी किनाऱ्याकडचे एक चिकूचे बागायतदार लेखी अर्ज घेऊन आले. वय साठीच्या पुढे, गावात वजन असलेले. सगळे त्यांना काका म्हणत.

"साहेब, त्या बाईने माझ्या कॉम्प्युटरमध्ये कीड सोडली. एकही फोटो उघडत नाही. वर पडद्यावर इंग्लिशमध्ये धमकी, पैसे भरा नाहीतर विसरा!"

फोटो त्यांच्या पत्नीचे होते. बाई वर्षापूर्वी वारल्या होत्या आणि आजारपणाआधीचे सगळे फोटो त्या एका मशीनमध्येच होते. मी पाणी मागवलं आणि अर्ज दाखल करून घेतला.

अर्जातली 'ती बाई' म्हणजे मूळची उधवा गावची, लग्नानंतर आमच्या हद्दीत राहायला आलेली तिशीतली कॉम्प्युटर दुरुस्त करणारी बाई. स्कूटरवरून घरोघरी जायची. लोकांना फुकट मिळणारं अँटिव्हायरस बसवून द्यायची, त्याचे पैसे घ्यायची नाही.

त्याच दुपारी फोनवर खबर आली. खबर देणारा बाजारातला कॉम्प्युटरचा दुकानदार.

"साहेब, माझं नाव नको. पण फुकट कोण कोणाला काय देतं का? ती आतून दरवाजा उघडा ठेवत असणार. तपासा जरा."

मला ते पटलं, हे लपवत नाही. पोलिसाचं डोकं असंच चालतं. पैसे घेणाऱ्याचा हेतू आम्हाला लगेच कळतो, न घेणाऱ्याचा कळत नाही, म्हणून तोच संशयित.

योगायोग असा की या बाईचाच एक कागद माझ्या टेबलावर पडला होता. ग्रामपंचायतीत संगणक चालवण्याच्या कामावर तिची निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणीचा अहवाल आमच्याकडून जायचा होता. रुजू होण्याची मुदत भाऊबीजेच्या आदल्या दिवसापर्यंत. दोन लेकरं, नवरा डायमेकिंगच्या, म्हणजे साचे बनवणाऱ्या, कारखान्यात कधी कामावर, कधी घरी. महिन्याचा ठरलेला पगार तिच्या घरात पहिल्यांदाच येणार होता. मी त्या कागदावर 'तक्रार अर्ज चौकशीवर' असा शेरा मारला आणि तो बाजूला ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला बोलावलं. महिला पोलीस शिपाई शेजारी बसवली. बाई घाबरली होती, पण उत्तरं सरळ देत होती.

"काकांच्या कॉम्प्युटरमधलं अँटिव्हायरस तुम्ही काढलंत?"

"हो साहेब. मीच काढलं."

आमचे हवालदार टेबलावर थाप मारून म्हणाले, "घ्या साहेब, कबुली झाली!"

"हवालदार, तुम्ही गप्प बसा." मी तिच्याकडे वळलो. "का काढलंत?"

"काका बोलले म्हणून. दसऱ्याच्या आधी बोलावलं मला. विकतचा आणलाय, आता हा फुकटचा काढून टाक. दोन एका मशीनमध्ये ठेवायचे नसतात साहेब, एकमेकांनाच अडवतात, मशीन रांगायला लागते. म्हणून जुना काढला. नवा टाकून देते बोलली, तर काका बोलले, रविवारी पुतण्या येईल, तो टाकेल. तू जा."

"आणि लोकांना फुकट का टाकून देता? तुमचा काय फायदा?"

आता ती चिडली. "कंपनीच फुकट देते साहेब, घरच्या वापराला! मी कशाचे पैसे घेऊ? मी दुरुस्तीचे घेते. फुकटचा पण घरी पुरतो, रोज अपडेट केला आणि दिसेल ती फाइल उघडली नाही तर. विकतच्यात सोयी जास्त असतात, बँकेची कामं करणाऱ्याने घ्यावा. काकांना मीच बोलली होती, घेतलात तर चांगलंच आहे."

हे सगळं मी लिहून घेतलं. विश्वास पूर्ण बसला नव्हता. दोन पंच घेतले आणि काकांच्या घरी पंचनाम्याला गेलो.

कॉम्प्युटर ओटीवरच्या खोलीत होता. त्याच्या बाजूला, हात लागणार नाही अशा बेताने, एक चकचकीत खोकं उभं केलेलं. खोक्यावर सुकलेला झेंडूचा हार, मधोमध हळदीकुंकवाची बोटं.

"हे काय आहे?"

"तेच की साहेब, विकतचं अँटिव्हायरस. दसऱ्याला पूजा केली."

मी खोकं उचललं. वरचं प्लॅस्टिक जसंच्या तसं. हळदकुंकू प्लॅस्टिकवरच वाळलं होतं.

"याचं सील कोणी फोडलं नाही?"

"कशाला फोडायचं?" काका गोंधळले. "एवढं महागाचं आणलंय. पुतण्याला सवड झाली नाही, पण वस्तू तर घरात आहे ना! दुकानदार बोलला, हे घरात असलं की काळजी नाही."

"काका, हे मशीनच्या आत जायला लागतं."

"आत?"

पंचांपैकी एकजण तोंड फिरवून हसला. मला हसूही येईना. शस्त्रपूजा आम्हीही ठाण्यात करतो, पण रायफलीला गंध लावलं म्हणून तिच्यात आपोआप गोळ्या भरल्या जात नाहीत, एवढं आमच्या नव्या शिपायालाही कळतं. चौकशीत पुढे निघालं ते असं, की चिकूच्या ऑर्डरचं पत्र समजून काकांनी ईमेलमधली एक अनोळखी फाइल स्वतःच उघडली होती. फुकटचं अँटिव्हायरस निघून गेलेलं, विकतचं खोक्यात. मशीन वीस दिवस उघडी पडली होती.

खोकं विकणारा दुकानदार म्हणजे आमचा खबऱ्याच. त्याला उभा केला.

"बसवून का दिलं नाहीस?"

"बसवायचे वेगळे पडतात साहेब. त्यांनी विचारलंच नाही."

कायद्याने त्याचं मी काहीच करू शकत नव्हतो. चार शब्द सुनावले आणि हाकलला.

इथे केस संपायला हवी होती. पण बाईविरुद्ध तक्रार उरली नाही, अशा जबाबावर काका सही करेनात. "मग माझ्या बायकोचे फोटो कोणी घालवले?" एवढंच धरून बसले. मी रोज माणूस पाठवायचो, ते रोज उद्या म्हणायचे. फाइल पाठवणारा कुठल्या देशात बसला होता देव जाणे. त्याच्यावर राग काढता येत नव्हता, या बाईवर काढता येत होता. दुःखात माणूस असा वागतो, हे मी समजू शकतो. माझं वागणं मात्र मला अजून समजत नाही. पंचनाम्याच्या संध्याकाळीच तिचा अहवाल स्वच्छ लिहून पाठवण्याचा अधिकार मला होता. पण काका वजनदार, उद्या वरिष्ठांकडे माझीच तक्रार करतील, म्हणून मी त्यांच्या सहीची वाट पाहत बसलो. ती सही भाऊबीजेला झाली.

दोन दिवसांनी बाई निकालाची प्रत न्यायला आली. उभ्यानेच वाचली.

"'तक्रारीत तथ्य आढळले नाही.' चांगलं लिहिलंय साहेब." तिने कागदाची नीट घडी केली. "काल तिथे दुसरीला घेतलं."

मी ग्रामपंचायतीला फोन केला, गटविकास अधिकाऱ्यांना भेटलो. सगळे एकच बोलले, मुदत गेली, प्रतीक्षा यादीतली रुजू झाली.

लोक विचारतात, फुकटचं घ्यावं की विकतचं? काहीही घ्या, पण बसवा, आणि अनोळखी फाइल उघडू नका. हे कोणीही सांगेल. मी शिकलो ते वेगळंच. एखाद्यावर संशय घ्यायला मला एक फोन पुरला, आणि तो चुकीचा होता हे दिसल्यावरही तसं लिहायला दुसऱ्याची सही लागली.

त्या अर्जाच्या फाइलवर 'निकाली' असा शिक्का आहे, खाली माझी सही आहे. त्या बाईची मुदत कोणामुळे हुकली, यासाठी त्यात रकाना नाही. म्हणून इथे लिहितो. माझ्यामुळे हुकली.