काकांच्या गाईचा ढेकर

काकांना त्यांच्या गाईच्या ढेकरांमुळे पृथ्वी तापते हे सांगायचं काम माझ्यावर आलं, तेव्हा मी ओरत्तनाडूची बस दोन दिवस चुकवली. तिसऱ्या दिवशी कॉलेजातल्या सरांनीच फोन करून विचारलं, "गेलीस का?" मग जावंच लागलं.

मी तेव्हा जनावरांच्या आहारावर पीएच.डी. करत होते. घर तंजावूरला, राजवाड्याच्या मागच्या गल्लीत, आणि काकांचं गाव ओरत्तनाडूच्या पलीकडे. काका तालुका कचेरीतून निवृत्त झालेले. घरात ते, काकू आणि एक गाय. मुलं चेन्नईत. नातवंडांना आमची तंजावुरी मराठी समजते, पण बोलत कुणी नाही. काका गाईशी मराठीतच बोलायचे. म्हणायचे, "हीही नातवंडांसारखीच. समजतं सगळं, बोलत नाही."

माझा विषय असा. गाईच्या पोटातले सूक्ष्मजीव मिथेन नावाचा वायू तयार करतात आणि तो बहुतेक सगळा ढेकरांवाटे बाहेर पडतो. लोकांना वाटतं मागून. ती समजूत घालवण्यातच आमचं निम्मं आयुष्य जातं. चिंचोक्याच्या टरफलात जो तुरटपणा असतो, तो त्या सूक्ष्मजीवांना जरा आवर घालतो. कॉलेजच्या गोठ्यात हे करून झालं होतं. आता सरांना घरच्या गाई हव्या होत्या, आणि काकांच्या गावात अशा सहा मिळण्यासारख्या होत्या. पण काका हो म्हणाले नाहीत तर बाकीचे म्हणणार नव्हते.

काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"अगे, माझी गाय दिवसभर दाव्याला असते. कुठं जात नाही, येत नाही. तिनं पृथ्वीचं काय केलं?"

"काही नाही काका. नुसता ढेकर दिला."

"पोट भरलं की येणारच. उपाशी ठेवू? तुझे सर कॉलेजात कशानं येतात?"

"कारनं."

"मग आधी त्यांच्या कारला टरफल खाऊ घाल."

एवढं बोलून ते आत गेले. थोड्या वेळानं कोरा कागद घेऊन आले. "अर्ज लिही."

मी तमिळमध्ये अर्ज लिहिला. काकांनी त्यातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका सुधारल्या, मला तो पुन्हा लिहायला लावला, स्वतःच स्वीकारला आणि स्वतःच विचारार्थ ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी परवानगी मिळाली. अटी दोन. गाईवर बळजबरी नको, आणि गाय जे खाणार ते आधी काका खाणार.

काकूकडे चिंचोक्यांचा डबाच भरलेला होता. आम्ही दोघींनी ते भाजले, कुटले, टरफलं पाखडून काढली आणि त्यांची पूड केली. काकांनी चमचाभर पूड तोंडात टाकली. जिभेवर घोळवून गिळली. मग ते म्हणाले, "तुरट आहे. पण विष नाही." आणि नियमाला धरून आणखी एक चमचा खाल्ला.

गाईनं मात्र कोंड्यात मिसळलेल्या पुडीवर एकदाच जोरात फुंकर मारली. पूड माझ्या डोळ्यांत, केसांत, चष्म्यावर. वर तिनं आजूबाजूचा कोंडा इतका नीट निवडून खाल्ला की टोपलीत नुसती पूड उरली. तांदूळ निवडायला तिला ठेवून घ्यावं.

दोन दिवस असंच चाललं. काकाही दोन दिवस गप्प गप्प होते. शेवटी काकू मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "तुझ्या टरफलानं गाईचा वायू थांबेल न थांबेल, देव जाणे. यांचं मात्र बाकी सगळं थांबलंय."

मी घाबरून माफी मागायला गेले. काका म्हणाले, "हे अहवालात लिहू नकोस."

उपाय काकूनंच शोधला. तांदूळ धुतलेल्या पाण्यात तिनं गुळाचा खडा विरघळवला, त्यात पूड आणि पेंड कालवली. गाईनं टोपली चाटून पुसून स्वच्छ केली. मी आनंदानं सरांना फोन केला. सर म्हणाले, "मग गूळ सहाही गाईंना द्यावा लागेल. महिनाभर टरफलाविना, महिनाभर टरफलासह, बाकी सगळं सारखं." त्या दोन महिन्यांत गावातल्या सहा गाईंइतकं माझ्यावर प्रेम कुणीच केलं नाही.

त्याबरोबरच मोजायचं काम आलं. मोबाइलपेक्षा जरा मोठं यंत्र हातभर अंतरावरून गाईच्या नाकाशी धरायचं आणि चार मिनिटं गाईनं हलायचं नाही. पहिल्या दिवशी कुंपणापाशी बायका जमल्या. एकीनं विचारलं, "ताप किती आहे?" दुसरी म्हणाली, "कोरोना गाईलापण होतो?" या गर्दीत गाय काही केल्या स्थिर राहीना. मान उजवीकडे, मान डावीकडे, मध्येच माझी ओढणी तोंडात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मात्र चमत्कार झाला. काका गोठ्याच्या दाराशी खुर्ची टाकून तमिळ पेपर मोठ्यानं वाचायला बसले. हे त्यांचं रोजचंच होतं. काकू पहिल्या मथळ्यालाच आत निघून जाई, म्हणून श्रोता म्हणून गाय. अग्रलेख सुरू झाला आणि गाय डोळे अर्धवट मिटून रवंथ करत उभी राहिली. मी चार मिनिटं नाही, दहा मिनिटं मोजलं.

सरांना हे सांगायला नको होतं. ते म्हणाले, "एका गाईपुढे वाचन होतंय, तर सहाही गाईंपुढे व्हायला हवं."

मी भीत भीत काकांना विचारलं. त्यांनी कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढला. दुसऱ्या दिवसापासून ते बगलेत पेपर धरून गोठ्यागोठ्यानं जाऊ लागले. निवृत्तीनंतर त्यांना इतकं ताठ चालताना मी पाहिलं नव्हतं.

अडचण सहाव्या घराची होती. ते अगदी समोरचं. तिथला म्हातारा शेतकरी आणि काका कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कालव्याच्या पाण्याच्या पाळीवरून कधीतरी बिनसलं होतं. मी म्हटलं, "काका, तिथं मीच वाचते."

"तुझा उच्चार ऐकून गाय बिथरेल," ते म्हणाले आणि रस्ता ओलांडून गेले.

तो माणूस पुढच्या ओट्यावर बसला होता. काका भिंतीकडे पाहत म्हणाले, "गाईकडे आलोय."

त्यानं आभाळाला सांगितलं, "गाय मागे आहे."

काकांनी अग्रलेख वाचला, मी मोजलं. गाय शहाण्यासारखी उभी होती. काकांनी पेपराची घडी घातली, तोच दाराआडून आवाज आला.

"क्रिकेटचं पान राहिलं."

"गाईला क्रिकेट काय कळतं?"

"अग्रलेख कळतो?"

काकांनी घडी उलगडली आणि शेवटच्या चेंडूपर्यंत सगळं वाचलं. माझं यंत्र मी केव्हाच बंद केलं होतं, पण मध्ये बोलायची माझी हिंमत झाली नाही. चौथ्या दिवशी वाचनाआधीच काकांसमोर वाटीसारख्या डवऱ्यात कॉफी आली. पुढच्या आठवड्यात काकांना तिथून परत न्यायचं म्हणजे मला दोनदा हाक मारावी लागे.

दोन महिने संपले. सरांनी आकडे तपासले, मी निकाल सांगायला गावी गेले. पाच गाईंचा वायू टरफलानं कमी झाला होता. सगळ्यांत जास्त कमी समोरच्या घरच्या गाईचा. काकांच्या गाईत जवळजवळ काहीच फरक नव्हता. असं होतं, प्रत्येक पोट वेगळं असतं, वगैरे मी समजावून सांगितलं.

"यंत्र चुकलं असेल," काका म्हणाले.

"यंत्र तेच होतं, काका."

तेवढ्यात समोरचे रस्ता ओलांडून आलेच. त्यांना बातमी आधीच लागली होती. "ऐकलं का? माझ्या गाईनं पृथ्वी वाचवली."

"तुझी गाय तुझ्यासारखीच कंजूष. ढेकरसुद्धा मोजून देते."

"आणि तुझी तुझ्यासारखी. सरकारनं काहीही सांगो, ऐकायचं नाही."

"मी सरकारात होतो!"

"तेच म्हणतोय."

आवाज चढत गेले. दोघंही उभे राहिले, पुन्हा बसले, पाण्याच्या पाळीचा जुना विषयही निघाला आणि त्यावर दोघांनी नव्यानं, अगदी मन लावून भांडून घेतलं. मला भीती वाटली की माझ्या निकालानं सगळं होतं तिथं गेलं. मी आत पळाले.

काकू शांतपणे तीन ताटं वाढत होती. बाहेरचा गलका ऐकून तिनं चौथं ताट काढलं.

"बोलत नव्हते तेव्हा घरात किती शांतता होती," ती म्हणाली, आणि मला दोघांना जेवायला बोलवायला बाहेर पाठवलं.